मागितली खुर्ची, मिळालं आरोग्य

खुर्ची मागायला गेलो आणि आरोग्य घेऊन आलो, एवढीच खरं तर ही हकीकत. पण ती एवढ्यावर सोडली तर लोक उरलेली आपापल्या मनाने भरून काढतात, आणि आमच्या इमारतीतल्या लोकांची मनं कशी आहेत ते मला पुरेपूर ठाऊक आहे. जिन्यात सध्या माझ्याबद्दल जे सांगितलं जातं, त्यात 'चौघांच्या खांद्यावरून ऑफिसातून बाहेर काढला' असं एक वाक्य आहे. हे साफ खोटं आहे. मी बसलेला होतो.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात काम करतो. ज्यांच्या नळाला पाणी येत नाही ते माझ्याकडे येतात आणि मी त्यांना 'येईल' असं सांगतो. काम तसं हलकं. जड होती ती खुर्ची. तिच्या पाठीची मधली फळी कधीच निखळली होती, डावा पाय उजव्यापेक्षा आखूड होता, आणि बैठकीला मधोमध असा खड्डा पडला होता की त्यात माणूस बसत नसे, रुतत असे. संध्याकाळी घरी जाताना मी डावीकडे कललेला असायचो. ओळखीचे लोक उजवीकडून हाक मारण्याऐवजी डावीकडून मारू लागले, तेव्हा मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, पाठ फार दुखते. खुर्ची बदलून मिळाली तर..."

"कधीपासून दुखते?"

"ही खुर्ची मिळाल्यापासून."

"म्हणजे तुमच्या मनात खुर्चीबद्दल राग आहे," साहेब म्हणाले. आमचे साहेब एरवी इतकं खोल बोलत नाहीत. पण मुख्य कार्यालयाकडून त्याच सकाळी फर्मान आलं होतं की 'आतून आरोग्य' नावाच्या शिबिराला प्रत्येक विभागाने एक माणूस पाठवावा, आणि आमच्या विभागात कोणी तयार होत नव्हतं. "हे बघा, खुर्चीला वरून मंजुरी लागते. आरोग्याला लागत नाही. ते आतून येतं. तुम्ही शिबिराला जा."

शिबिराच्या हॉलमध्ये आम्हाला घडीच्या लोखंडी खुर्च्या होत्या. मार्गदर्शकांना मात्र फिरती, गादीची, डोकं टेकायला उशी असलेली खुर्ची होती. त्या खुर्चीत रेलून त्यांनी आम्हाला सांगितलं की आजार आधी विचारात येतो आणि मग अंगात. सकाळी उठल्यावर आरशात बघून हसायचं. मग शरीराच्या एकेका अवयवाचे आभार मानायचे. घास इतका चावायचा की तो कशाचा होता हे विसरायला व्हावं. आणि 'दुखतं' हा शब्द आयुष्यातून काढून टाकायचा. फारच वेळ आली तर 'जाणवतं' म्हणायचं.

मी हे सगळं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्याच्या तयारीत होतो. इतक्यात मार्गदर्शकांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हा चेहरा बघा. आतून निरोगी माणसाचा चेहरा!" सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. आता खरं सांगतो, माझ्या चेहऱ्याबद्दल आजवर कोणी चांगला शब्द काढलेला नव्हता. लग्न ठरवताना सासरच्यांनी सुद्धा 'नोकरी चांगली आहे' एवढंच म्हटलं होतं. त्यामुळे त्या क्षणी माझी पाठ बरी झाली. निदान मी तसं जाहीर केलं, आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणसाला मागे फिरता येत नाही, हा माझा पुढच्या सगळ्या आयुष्याचा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवसापासून घरी आरोग्य सुरू झालं. गॅलरीत उभा राहून मी मोठ्याने आभार मानू लागलो. हृदयाचे मानले, फुप्फुसांचे मानले. "यकृता, तुझे फार उपकार आहेत," असं म्हणत होतो तेव्हा वरच्या गॅलरीतून काका डोकावले. हे काका निवृत्त शाळा-तपासनीस आहेत आणि सध्या इमारत तपासतात.

"कोण हो हे यकृत? पाहुणे आलेत का?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, ही माझी चूक. कारण आपल्याकडे कोणी तब्येत सुधारायला काढली की तिच्यावर सगळ्या इमारतीचा हक्क लागतो. तळमजल्यावरच्या शिंपीदादांनी 'जमिनीवर पालथे झोपा' म्हणून सांगितलं. समोरच्या गाण्याच्या बाईंनी 'जेवताना खालचा सा लावा' असं सुचवलं. काकांनी तर हातच धरला. "उलटं चालायचं! माझे गुडघे उलटं चालूनच सुलटे झाले. पुढे चालताना माणूस काळजी करतो. मागे चालताना काळजीला चेहराच दिसत नाही."

काळजीला चेहरा असतो हे मला नवीन होतं, पण काकांशी वाद घालण्यापेक्षा उलटं चालणं सोपं. म्हणून सकाळी गल्लीत मी उलटा चालू लागलो, आणि शिबिराचं हास्यही चेहऱ्यावर ठेवलं. उलटा चालणारा माणूस लोक एकवेळ चालवून घेतात. हसत उलटा चालणारा आला की आया मुलांना आत घेतात. मला मागचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात मी कधी शिरलो ते कळलं नाही. गुडघ्यामागे काहीतरी लागलं आणि मी बसलो. न्हाव्याने गिऱ्हाईक बसलं की विचारायचं काय म्हणून सरळ कापड गळ्याभोवती बांधलं. मी आदल्याच दिवशी केस कापलेले होते. पण काय सांगू, ती खुर्ची इतकी सुरेख होती, पाठीला तिने असा काही आधार दिला, की माझ्याने उठवेना. न्हावी कात्री चालवत राहिला. घरी आलो तेव्हा डोक्यावर फक्त विचार शिल्लक होते.

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि नेहमीचंच विचारलं, "पाठ दुखते का अजून?"

"या घरात यापुढे 'दुखतं' हा शब्द नको. 'जाणवतं' म्हणायचं."

"बरं," ती म्हणाली. "मला आज स्वयंपाकाचा कंटाळा जाणवतोय."

माझी बायको तशी शांत आहे, पण तिच्या शांतपणाला धार आहे. मी आरशापुढे हसायला लागलो की ती मागून टॉवेल नेता नेता म्हणायची, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला. अहो, खुर्ची मोडकी आहे ना? मग खुर्चीला हसवा." मी तिच्याकडे क्षमाशील नजरेने बघायचो. क्षमाशील नजर शिबिराच्या दुसऱ्या सत्रात शिकवली होती. ती नजर पाहून तिने एकदा मला थर्मामीटर लावला.

ऑफिसात मात्र माझं चांगलंच बस्तान बसलं. माझ्या शेजारच्या टेबलावर आवक-जावक बघणाऱ्या ताई बसतात. त्यांचं टेबल उंच आणि स्टूल बुटकं, त्यामुळे त्या दिवसभर मान वर करून लिहितात आणि संध्याकाळी ती मान खाली येत नाही. त्या सोडल्या तर बाकी सगळ्यांनी मला मानलं. ताईंनी पहिल्याच दिवशी मला पारखलं. "दादा, तुमचं आरोग्य आतून निघालंय खरं, पण वाटेत कुठेतरी अडकलेलं दिसतंय. उठताना टेबल धरता तुम्ही."

"टेबलाला आधार देतो मी," मी म्हणालो.

आणि मग मी माझं तत्त्वज्ञान तक्रारींना लावलं. एक आजोबा रोज रिकामी बादली घेऊन यायचे. बादली कशाला आणता म्हणून विचारलं तर म्हणायचे, पुरावा आहे. त्यांना मी म्हणालो, "आजोबा, पाणी येत नाही असं म्हणू नका. त्याने नळ खचतो. मला कोरडेपणा जाणवतो असं म्हणा, आणि तहानेचे आभार माना." आजोबांनी न्हाव्याने सोललेल्या माझ्या डोक्याकडे बघितलं, बादली उचलली आणि निघून गेले. दुसऱ्या एका बाईंना मी डोळे मिटून झऱ्याची कल्पना करायला सांगितली. त्यांनी डोळे मिटले नाहीत, उलट मोठे केले.

त्या आठवड्यापासून तक्रारी घटल्या. खिडकीत एक वेडा बसतो, त्याच्याकडे जाऊ नका, असं परिसरात पसरलं होतं. पण हे मला फार नंतर कळलं. साहेबांनी वर कळवलं की आंतरिक आरोग्यामुळे तक्रारी आपोआप मिटल्या. वरच्यांना आजवर पाणी देऊनही जे जमलं नव्हतं ते पाणी न देता जमलं, हे पाहून त्यांना भरून आलं. मुख्य कार्यालयातल्या मोठ्या बाई स्वतः पाहणीला येणार असं ठरलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाठीचं दुखणं एव्हाना भयंकर वाढलं होतं. बूट घालताना मला भिंतीला धरून श्वास घ्यावा लागे. रात्री कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागे. पण सांगणार कोणाला? सगळ्या जगाला मीच बजावलं होतं की दुखणं नसतंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त माझ्या बाबतीत तोंडावरचा हातही माझाच होता. आणि मला भीती वाटत होती. पाठ कायमची गेली तर पुढची नोकरी कशी होणार, घर कसं चालणार, या विचाराने मी आरशापुढे हसता हसता घामाघूम व्हायचो.

मोठ्या बाई आल्या त्या दिवशी साहेबांनी मला त्याच खुर्चीत बसवून ठेवलं. "मॅडम, हीच ती खुर्ची. हिच्यावर बसून त्यांनी पाठ बरी केली. नवीन खुर्ची देत होतो, नको म्हणाले." मी हसलो. मोठ्या बाई कौतुकाने जवळ आल्या आणि त्यांच्या हातून पेन खाली पडलं. मी शिकलासवरलेला माणूस. बाईमाणसाचं पेन पडलं तर आपण उचलायला नको? मी बसल्या बसल्या उजवीकडे वाकलो, पेन हाताला लागलं, आणि माझ्या कमरेत काहीतरी खटकन वाजलं.

त्यानंतर मी हललोच नाही. उजवा हात जमिनीकडे, त्यात पेन, डावा पाय अधांतरी, आणि चेहऱ्यावर हास्य. हास्य काढायला सुद्धा कमर लागते हे मला तेव्हा समजलं.

"हे काय आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

साहेब क्षणभर चाचरले. "ही त्यांची... अवस्था आहे, मॅडम. आतली."

"अप्रतिम! किती शांत दिसतात! सगळेच का नाही करत?"

मग काय, साहेबांनी खूण केली आणि अख्खा विभाग खुर्च्यांतल्या खुर्च्यांत उजवीकडे वाकून हसू लागला. जुने हेडक्लार्क वाकता वाकता रद्दीच्या टोपलीत गेले, तेही हसतच. मोठ्या बाईंनी फोटो काढले, साहेबांचं अभिनंदन केलं आणि गेल्या. विभाग सरळ झाला. मी तसाच होतो.

माझ्या डोळ्यांतलं पाणी पहिल्यांदा ताईंनी पाहिलं. "अहो साहेब, यांना उठता येत नाहीये!"

"असं म्हणू नका," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "मॅडम अजून जिन्यात आहेत. उठावंसं वाटत नाही म्हणा."

मॅडमची गाडी गेली तसं मला उठवायचे प्रयत्न झाले. मला नुसता हात लावला की मी असा आवाज काढायचो की माणूस मागे सरायचा. शेवटी ताईंनीच सांगितलं, खुर्चीसकट उचला. रस्त्यापलीकडे हाडांचे डॉक्टर आहेत, तिथे न्या. चौघांनी खुर्ची उचलली. खांद्यावर नव्हे, हातात. ही वरात गेटपर्यंत आली आणि वॉचमनने काठी आडवी धरली.

"पास?"

"अरे, माणूस आजारी आहे!"

"माणसाला पास लागत नाही. खुर्चीला लागतो. ऑफिसची वस्तू आहे."

स्टोअरकीपरला बोलावणं गेलं. ते जेवून, हात पुसत आले. त्यांनी खुर्चीभोवती एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पाय पाहिला आणि मान हलवली. "ही खुर्ची तर कधीच मोडीत काढली. आपल्या ऑफिसात अशी खुर्चीच नाही."

"मग जाऊ द्या की!" ताई कडाडल्या.

"नसलेली वस्तू बाहेर कशी सोडणार? उद्या कोणी विचारलं तर? आणि हे मोडीत काढलेल्या खुर्चीवर बसलेच कसे, हा वेगळाच मुद्दा आहे."

भर उन्हात गेटमध्ये मी वाकडा, हसरा, हातात मॅडमचं पेन धरून बसलो होतो. गर्दी जमली. त्यात ते बादलीवाले आजोबा होते. आता हे माझा सूड घेणार, असं मला वाटलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं, बादली उपडी घातली आणि माझा लटकता पाय अलगद तिच्यावर ठेवला. "पाणी मिळालं असतं तर उपडी घालता आली नसती," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

तोड वॉचमननेच काढली. आत येणाऱ्या वस्तूला पास लागत नाही. तेव्हा खुर्चीचं तोंड ऑफिसकडे करायचं आणि तिला मागे मागे न्यायचं. बघणाऱ्याला वाटेल, आत येतेय. स्टोअरकीपरने हे नियमात बसतं असं मान्य केलं. अशा रीतीने ऑफिसकडे तोंड करून, खिडकीत जमलेल्या सगळ्या सहकाऱ्यांकडे हसत हसत, मी उलटा बाहेर पडलो.

डॉक्टरांनी मला टेबलावर सरळ केलं. कसं केलं ते सांगत नाही, कारण त्या वेळी मी जे शब्द उच्चारले ते शिबिरात बसणारे नव्हते. मग ते म्हणाले, "बसता कशावर?" चौघांनी खुर्ची पुढे केली. डॉक्टरांनी ती हलवून पाहिली. "माणूस ठीक आहे. हिला दाखल करा."

"पण डॉक्टर, मनाचाही काही भाग असेलच ना?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"असेल की. मन बरं असलं की तब्येतीला बरंच असतं. पण मन कितीही प्रसन्न ठेवलं तरी खिळा टोचायचा राहत नाही. आधी खुर्ची बदला, मग हसा. आणि महिनाभर उठबस कमी."

घरी गादीवर पडलो तेव्हा बायकोने गरम पाण्याची पिशवी कमरेखाली सारली. "दुखतंय?"

"हो," मी म्हणालो. "फार दुखतंय गं."

ते म्हणताना इतकं बरं वाटलं की काय सांगू! तीही मग बाजूला बसली आणि म्हणाली, "माझाही खांदा किती दिवस दुखतोय." एवढे दिवस ती बोलली नव्हती. घरात तो शब्दच मी ठेवला नव्हता ना. मला स्वतःची लाज वाटली. आम्ही दोघं बराच वेळ आपापलं काय काय दुखतं ते एकमेकांना सांगत बसलो, आणि लग्नानंतर इतक्या मनमोकळ्या गप्पा पहिल्यांदाच झाल्या.

चार दिवसांनी साहेब फळं घेऊन भेटायला आले. फळं बायकोच्या हातात दिली आणि बातमी माझ्या. मोठ्या बाई माझ्या अवस्थेवर इतक्या खूश होत्या की 'आंतरिक आरोग्य कक्ष' स्थापन होणार होता. प्रमुख मी. स्वतंत्र खोली, आणि खुर्ची थेट त्या मार्गदर्शकांसारखी. फिरती, गादीची, डोक्याला उशी. मंजूरसुद्धा झाली होती.

"फक्त एवढंच," साहेब म्हणाले, "पाठ विचारांनी बरी झाली, असं सांगत राहायचं. ते गेटवरचं काही झालंच नाही."

साहेब गेल्यावर बायकोने विचारलं, "खुर्चीने पाठ मोडली हे आता तरी सांगणार की नाही?"

"सांगणार म्हणजे? ठणकावून सांगणार!" मी म्हणालो. मनापासून म्हणालो. पुन्हा कामावर रुजू व्हायला जाताना वाटेत मी भाषणसुद्धा जुळवलं. आधी ताईंचं टेबल बदला, सगळ्यांना धड खुर्च्या द्या, आजोबांच्या नळाला पाणी सोडा, मग आरोग्याच्या गोष्टी बोला, असं काहीतरी फार चांगलं जमलं होतं. साहेब जागेवर नव्हते. ते येईपर्यंत उभं राहणं पाठीला बरं नव्हतं. म्हणून मी कक्षात गेलो आणि नुसता टेकलो.

काय खुर्ची होती! माझ्या कमरेचा नेमका जो भाग ओरडत होता त्याच्याखाली ती आपण होऊन आली. साहेब आले, "कसं वाटतंय?" म्हणाले, आणि मी म्हणालो, "उत्तम." भाषण राहून गेलं.

कक्षाचं उद्घाटन झालं त्याच दुपारी दार वाजलं. ताई होत्या. मान एका बाजूला धरलेली, आणि चेहऱ्यावर थोडी आशा. आपला माणूस त्या खोलीत बसलाय, असं त्यांना वाटलं असावं.

"साहेब," त्या म्हणाल्या. काल-परवापर्यंत मी दादा होतो. "मान फार दुखते हो. टेबल तेवढं खाली करून मिळालं तर..."

मी खुर्चीत किंचित रेललो. उशी डोक्याखाली आली. आणि मी मलाच बोलताना ऐकलं, "ताई, मान टेबलाने दुखत नसते. तुमच्या मनात टेबलाबद्दल राग आहे."

ताईंनी माझ्या डोक्याखालच्या उशीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "हेच जरा त्या खुर्चीतून उठून, उभं राहून सांगता का?"

उठायला माझी काहीच हरकत नव्हती. पण डॉक्टरांनी मला उठबस कमी करायला सांगितली आहे, आणि तब्येतीच्या बाबतीत डॉक्टरांचं ऐकावं, असं मी त्यांना सांगितलं.